अनाहूत पाहुणे : ओळख, दक्षता आणि मैत्री

आपल्या वसतिगृहात राहून गेलेल्या प्रत्येकाच्या आठवणीत एखादा तरी अनाहूत पाहुणा असतो. कौलांखाली रात्री धावणारे पाय, कोठीतील पोत्याला पडलेले भोक, पावसाळ्यात मोरीतून डोकावलेला साप. मेळाव्यात माजी विद्यार्थी भेटले की या गोष्टी हसतखेळत सांगितल्या जातात. एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने ती प्रथम सांगणे आम्हांस कर्तव्य वाटते.

अनेक वर्षांपूर्वीच्या एका आषाढात, सतरंजीवर ओळीने झोपलेल्या मुलांपैकी एक मुलगा पहाटे पोटात दुखते म्हणून उठला. अंगावर जखम नव्हती, सूज नव्हती. रात्रीचे जेवण बाधले असावे असे समजून आम्ही त्याला ओव्याचे पाणी दिले आणि पडून राहण्यास सांगितले. काही वेळाने त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तेव्हा त्याला झोप येत आहे असेच आम्हांला वाटले. त्याला पाणी गिळता येत नाही हे स्वयंपाकघरातील मावशींच्या ध्यानात आले आणि मग धावपळ सुरू झाली. अंथरूण झाडताना मण्यार निघाली. रुग्णालयात प्रतिविष मिळाले, कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय झाली आणि मुलगा वाचला. आज तो आपल्या मुलांना घेऊन मेळाव्यास येतो. परंतु तो वाचला यात आमच्या जाणतेपणाचा वाटा नव्हता. वाया गेलेले दोन तास मात्र आमच्या अज्ञानाचे होते.

त्यानंतरच्या आठवड्यात भीतीपोटी वसतिगृहात दोन साप मारले गेले. दोन्ही कवड्या जातीचे, म्हणजे पूर्णतः बिनविषारी होते. त्याच सायंकाळी वंदनेत पहिल्या शीलाचा उच्चार करताना आमचा स्वर खाली गेला. विषारी साप आम्हांला ओळखता आला नव्हता आणि निरुपद्रवीही ओळखता आला नव्हता. हा लेख त्या दोन चुकांतून लिहिला आहे.

प्राणी घरात का येतात?

कोणताही वन्यजीव माणसाच्या द्वेषाने घरात शिरत नाही. साप डूख धरतो, दूध पितो, पुंगीच्या सुरावर डोलतो या सर्व लोकसमजुती होत. सापाला बाह्य कान नसतो. तो पुंगीच्या हालचालीकडे पाहून हलतो. तो घरात येतो तो अन्न, आडोसा आणि कोरडी जागा यांच्या शोधात. सांडलेल्या धान्यावर उंदीर येतात, उंदरांमागे नाग व धामण येते. दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांसाठी पाली येतात आणि पालींसाठी कवड्या भिंतीवर चढतो. मण्यार तर उंदीर, पाली यांच्याबरोबर इतर सापही खाते. म्हणजे घरातला साप हा साखळीचा शेवटचा दुवा असतो. पहिला दुवा आपणच ठेवलेला असतो.

खुणांवरून ओळख

प्राणी दिसण्यापूर्वी त्याच्या खुणा दिसतात. माळ्यावर बारीक काळ्या लेंड्या आढळल्या तर त्या काडीने दाबून पाहाव्यात. उंदराची लेंडी वाळल्यावर कडक होते. किडे खाणाऱ्या वटवाघळाची लेंडी चुरली जाते आणि त्या भुग्यात किड्यांच्या पंखांचे चकाकते कण दिसतात. लेंडीच्या टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती पालीची. विष्ठेत फळांच्या बिया असतील आणि रात्री छतावर मांजराहून जड पावले वाजत असतील, तर ते उदमांजर होय. भिंतीच्या पायाशी मातीचे ढीग दिसले तर घूस बिळे करीत आहे असे समजावे.

वटवाघळे व उदमांजर यांना हुसकण्यासाठी धूर करू नये. ती सायंकाळी आपणहून बाहेर पडतात. आत पिल्ले नाहीत याची खात्री करून, ती गेल्यावर फटी बुजवाव्यात. वटवाघळाला उघड्या हाताने स्पर्श करू नये. उंदरांसाठी विष ठेवण्याचा मोह टाळावा. विष खाल्लेला उंदीर ज्या घुबडाच्या किंवा सापाच्या पोटात जातो त्यालाही ते बाधते, आणि उंदरांना आवर घालणारेच नाहीसे होतात. शिवाय जेथे मुले वावरतात तेथे विष नकोच. पिंजरा, झाकणाचे पत्र्याचे डबे आणि जाळी बसवून सिमेंटने बुजवलेली बिळे यांनी काम होते.

चार विषारी साप

महाराष्ट्रात मनुष्यवस्तीजवळ आढळणारे आणि जीवघेणे ठरणारे प्रमुख साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे.

नाग डिवचला असता फणा काढतो. मात्र फणा न काढलेला नाग आणि धामण यांत अनेकांची गफलत होते. घोणस जाड अंगाची, पाठीवर साखळीसारख्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा असलेली आणि प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार सोडणारी असते. तिला अजगराचे पिल्लू समजून हात लावणे प्राणावर बेतते. फुरसे लहान असते. ते वेटोळे घालून अंगावरील खवले एकमेकांवर घासते आणि खरखर आवाज करते. कोकणातील वाचकांना त्याचा परिचय नव्याने करून देण्याची गरज नाही.

मण्यार आणि कवड्या यांचा भेद विशेष लक्षात ठेवावा. मण्यार चकचकीत काळी किंवा निळसर काळी असते. तिच्या अंगावरील पांढरे बारीक पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात, मानेजवळ ते पुसट किंवा नाहीसे असतात आणि शेपटीकडे ठळक होतात. कवड्या तपकिरी असतो. त्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असून शेपटीकडे पुसट होतात. ही ओळख दुरूनच करावयाची आहे. किंचितही शंका असेल तर साप विषारीच समजावा.

साप दिसल्यास, दंश झाल्यास

साप दिसल्यास मुलांना बाहेर काढावे, त्याच्यावर दुरून नजर ठेवावी आणि जाणत्या सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये सापांना संरक्षण आहे; त्यांना मारणे किंवा पकडून बाळगणे गुन्हा ठरतो.

दंश झाल्यास रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये. दंश झालेला अवयव, हाड मोडल्यावर ठेवतात तसा, फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. अंगठी, बांगड्या, कडे काढून घ्यावे. जखम कापू नये, रक्त चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. साप मारून सोबत नेण्याची आवश्यकता नाही, कारण आपल्याकडे मिळणारे प्रतिविष या चारही सापांच्या विषांवर तयार केलेले असते. आणि आमच्याकडून झालेली चूक कोणाकडूनही होऊ नये : मण्यारीचा दंश बहुधा झोपेत होतो, दुखत नाही, खूणही दिसत नाही. जमिनीवर झोपलेले मूल पहाटे पोटदुखीने उठले आणि त्याच्या पापण्या जड झाल्या, तर ओवा शोधू नये, वाहन शोधावे.

शील आणि दक्षता

यात एक प्रश्न उरतो. मुलांचे प्राण आणि पहिले शील यांत विरोध येतो काय? परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. आमचा अनुभव असा की, ही गरज बहुतेक वेळा आपल्या निष्काळजीपणातून जन्मते. कोठी स्वच्छ असती, बिळे बुजवलेली असती, मुले खाटेवर आणि मच्छरदाणीत झोपली असती, तर मारण्याची वेळच आली नसती.

श्रावस्तीत एक भिक्खू सर्पदंशाने मरण पावला, तेव्हा तथागतांनी सर्पांच्या चार राजकुलांविषयी मैत्रीभावना करण्यास सांगितले, हे अंगुत्तर निकायात आले आहे. काही जण या सुत्ताकडे विष उतरवण्याचा मंत्र म्हणून पाहतात. परंतु सर्पदंश झालेल्या भिक्खूला त्या काळी उपलब्ध असलेले औषध देण्याची अनुज्ञाही विनयात आहे. मैत्रीही हवी आणि औषधही हवे. मैत्रीच्या नावाने औषध टाळणे हा धम्म नव्हे. गावात आजही दंश झालेल्या माणसाला आधी भगताकडे नेले जाते आणि त्या फेऱ्यात प्राण जातात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजात तरी असे घडू नये.

आता वसतिगृहात प्रत्येक मुलाला खाट व मच्छरदाणी आहे. माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून झालेले हे काम आम्हांस कोणत्याही शोभेच्या वास्तूपेक्षा मोलाचे वाटते. निजण्यापूर्वी अंथरूण झाडणे, रात्री विजेरीवाचून बाहेर न जाणे, बूट झटकून घालणे, सरपण भिंतीपासून दूर रचणे हे येथील मुलांच्या अंगवळणी पडले आहे. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघराजवळ एक साप दिसला. कोणी काठी उचलली नाही. सातवीतील एका मुलीने दुरून पाहून सांगितले, “पट्टे मानेपासून आहेत, कवड्या असावा, पण सरांना बोलवा.” तिच्या त्या वाक्याच्या उत्तरार्धात दक्षता होती आणि न उचललेल्या काठीत शील होते. पालकांनी एवढे शिक्षण आपल्या घरीही न्यावे, इतकीच आमची विनंती आहे.