शंभर खेळाडू कोठून येतात?

बदलापूर पूर्वेला स्टेशनाबाहेर आलात की शेअर रिक्षांची रांग दिसते. पहिल्या रिक्षेत एक प्रवासी बसलेला असतो आणि चालक बाहेर उभा राहून "कात्रप, कात्रप" असा पुकारा करीत असतो. तीन प्रवासी मिळाल्याशिवाय तो रिक्षा काढत नाही. (चालकाशेजारी अर्धा टेकणारा चौथा प्रवासी आपण गणितात धरायला नको.) संध्याकाळी लोकल आली की तीन प्रवासी क्षणात मिळतात. रात्रीच्या शेवटच्या गाड्यांनी उतरणाऱ्याला मात्र ताटकळावे लागते. दर २० सेकंदांना एक प्रवासी येत असेल तर रिक्षा मिनिटाभरात भरते. दर ५ मिनिटांना एक येत असेल तर पाव तास जातो. रिक्षा तीच, रस्ता तोच. बदलली ती फक्त माणसे येण्याची गती.

ही रिक्षा मला आठवली ती माझ्या एका विद्यार्थ्यामुळे. अकरावीचा हा मुलगा उल्हासनगरला कॅम्प ४ मध्ये राहतो. सकाळच्या पहिल्या तासाला त्याचे डोळे मिटत असत. विचारले तेव्हा म्हणाला, "सर, मी मोबाईलवर शंभर जणांचा खेळ खेळतो. दिवसा सारखा हरतो, पण रात्री दोन वाजता माझा खेळ एकदम चांगला होतो. शांतता असते ना!" आपल्या अंगात गुण आहे अशी त्याची खात्री झाली होती. बारावीनंतर एक वर्ष थांबून स्पर्धांची तयारी करावी, असा त्याचा बेत होता आणि घरी त्यावरून वादही चालू होते. त्याने विजयांची नोंद मला दाखविली. ती खरी होती. म्हणजे निरीक्षण बरोबर होते. शोधायचे होते ते कारण.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही अशा शिक्षकमित्रांसाठी दोन शब्द. एका काल्पनिक बेटावर १०० खेळाडू उतरतात आणि शेवटपर्यंत टिकून राहतो तो जिंकतो. खेळाडू आपापल्या घरी असतात, पण बेट कोणाच्याच मोबाईलमध्ये नसते. ते असते दूरच्या एका संगणकात. त्याला सर्व्हर म्हणतात. कोण कोठे आहे, कोणी गोळी झाडली, ती कोणाला लागली, याचा सारा हिशेब सर्व्हर ठेवतो आणि प्रत्येकाला कळवीत राहतो.

तुम्ही विचाराल, शंभरच का? हजार का नाहीत? प्रत्येकाची बातमी बाकी सर्वांना द्यायची तर n खेळाडूंसाठी n(n−१) निरोप लागतात. १० खेळाडूंना ९०, १०० खेळाडूंना ९,९०० आणि २०० खेळाडूंना ३९,८००. खेळाडू दुप्पट झाले की काम चौपट होते. शिवाय हे निरोप सेकंदाला एकदा देऊन भागत नाही. सेकंदाला २० वेळा दिले, तर शंभर जणांसाठीच १,९८,००० निरोप होतात! म्हणून जवळच्यांचीच बातमी सविस्तर द्यायची, डोंगरापलीकडच्याची द्यायची नाही, अशा युक्त्या करतात. तरीही मर्यादा राहतेच. 'ईव्ह ऑनलाइन' या आइसलंडच्या कंपनीच्या खेळात जानेवारी २०१४ मध्ये एक प्रचंड लढाई झाली. एकाच ठिकाणी एका वेळी दोन हजारांहून अधिक खेळाडू जमले होते. तेथे सर्व्हरवर भार वाढला की खेळातला काळच मंद करण्याची सोय आहे. त्या दिवशी वेग दहा टक्क्यांपर्यंत खाली आणला गेला, म्हणजे खेळातला एक सेकंद सरायला खरे दहा सेकंद लागत. लढाई सुमारे २१ तास चालली. भौतिकशास्त्राच्या माणसाला येथे आइन्स्टाइनची आठवण होणारच, पण त्यांचा या मंदगतीशी काही संबंध नाही!

गर्दी फार झाली तर काय होते ते पाहिले. आता उलट बाजू पाहू, कारण आपल्या विद्यार्थ्याचे कोडे तेथेच आहे.

समजा, सेकंदाला १० नवे खेळाडू खेळायला येतात. शंभर जमायला १० सेकंद लागतील. फार छान. परंतु खेळाडूंच्या अपेक्षा एवढ्यावर थांबत नाहीत. कोणाला वाळवंटाचे बेट हवे, कोणाला बर्फाचे. कोणी एकटा खेळतो, कोणी जोडीने, कोणी चौघांच्या गटाने. नवशिक्याला नवशिकेच समोर हवेत, तरबेजाला तरबेज. चार बेटे, तीन प्रकार आणि सहा श्रेणी धरल्या तर ४ × ३ × ६ = ७२ वेगळ्या रांगा झाल्या. खेळाडू सारखे वाटले गेले असे मानले, तर प्रत्येक रांग भरायला ७२० सेकंद, म्हणजे १२ मिनिटे लागतील. उल्हासनगर स्टेशनाबाहेर प्रत्येक कॅम्पाची रांग निराळी असते. उद्या प्रत्येक गल्लीची केली तर काय होईल, तसेच हे. आणि रात्री खेळाडू दहापट कमी झाले तर? दोन तास!

श्रेणीची ही भानगड हवीच कशाला, असे वाटेल. पण त्यात एक सुंदर कल्पना आहे आणि ती एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची आहे, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. हंगेरीत जन्मलेले आर्पाद एलो अमेरिकेतील मिलवॉकी येथे भौतिकशास्त्र शिकवीत आणि बुद्धिबळ खेळत. प्रत्येक खेळाडूला एक गुणांक द्यावा आणि दोन गुणांकांतील फरकावरून निकालाची अपेक्षा काढावी, अशी त्यांची पद्धत. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने ती १९६० मध्ये आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. फरक शून्य असेल तर दोघांची अपेक्षा निम्मी निम्मी. फरक ४०० असेल तर वरचढ खेळाडूने ११ गुणांपैकी १० मिळवावेत अशी अपेक्षा. तितके मिळाले तर गुणांक हलत नाही. जास्त मिळाले तर चढतो, कमी मिळाले तर उतरतो. आजच्या बहुतेक खेळांतील श्रेणी याच कल्पनेच्या मुली-नाती आहेत. यातली गंमत लक्षात घ्या: पद्धत नीट चालली तर तुम्ही जसजसे सुधाराल तसतसे प्रतिस्पर्धीही तगडे मिळतील आणि तुमच्या विजयांचे प्रमाण जवळजवळ तेथेच राहील. मन म्हणते, "मी सुधारलो, मग जिंकत का नाही?" मनातली अपेक्षा आणि एलोंची अपेक्षा या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

अर्थात तुल्यबळ माणूस मिळायचा तर मुळात भरपूर माणसे जागी हवीत. मग जगभरचे खेळाडू एकत्र का करू नयेत? येथे प्रकाशाचा वेग आडवा येतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईत असेल तर बदलापूरहून सुमारे ६८ किलोमीटरच्या लोहमार्गाएवढी तार धरली तरी संदेश जाऊन यायला एक मिलिसेकंदही लागणार नाही. सिंगापूर मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. जाऊन येऊन ३९ मिलिसेकंद ही झाली निसर्गाने घातलेली किमान मर्यादा. वाटेतल्या यंत्रांचा आणि वळणांचा वेळ वेगळा. युरोप याहून दूर. अंतर वाढले की गोळी आधी कोणी झाडली याचाच निवाडा गढूळ होतो.

आपल्याकडे याला एक निराळे वळण मिळाले. 'पब्जी मोबाईल' या खेळावर भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातली. त्याआधी आपली मुले आशियातील इतर देशांच्या खेळाडूंबरोबर खेळू शकत. २ जुलै २०२१ रोजी खास भारतातील खेळाडूंसाठी त्याची वेगळी आवृत्ती आली. तीही जुलै २०२२ मध्ये काढली गेली आणि मे २०२३ मध्ये परतली. भारतभर घड्याळ एकच आहे. जगभरच्या रांगेत कोठेतरी संध्याकाळ असतेच. फक्त भारताच्या रांगेत मात्र रात्री दोन वाजता अंबरनाथही झोपलेले असते, अमरावतीही आणि अहमदाबादही.

आता विद्यार्थ्याकडे वळू. मी त्याला विचारले, "रात्री दोन वाजता शंभर जण जमायला किती वेळ लागतो?" तो म्हणाला, "दिवसाएवढाच, काही सेकंद." आणि म्हणता म्हणताच थबकला. रिक्षेचे गणित तर सांगते की वेळ वाढायला हवा. माणसे कमी, तरी रिक्षा तितक्याच लवकर भरते, याचा अर्थ काही जागांवर माणसे नाहीत!

रिकाम्या जागा संगणकानेच चालविलेल्या खेळाडूंनी भरतात. त्यांना बॉट म्हणतात. हे काही गुपित नाही. पब्जीच्या मोठ्या संगणकावरील आवृत्तीत २०२० साली बॉट आणले तेव्हा कंपनीने ते जाहीरपणे सांगितले होते. नवख्यांना तरबेजांसमोर टिकाव लागेना, हे कारण होते. समजा, शंभरांत २० माणसे आणि ८० बॉट आहेत आणि बॉट शेवटपर्यंत सहसा टिकत नाहीत. मग सर्वसाधारण खेळाडूची जिंकण्याची संभाव्यता १/१०० वरून १/२० झाली. खेळ तसूभरही न सुधारता विजय पाचपट!

आणखी एक आकडेमोड तुम्ही करून पाहा. खरोखरच शंभर तुल्यबळ माणसे असतील, तर शंभर डावांत सरासरी एक विजय मिळेल. पण एकही न मिळण्याची संभाव्यता (०.९९)¹⁰⁰, म्हणजे सुमारे ०.३७ आहे. शंभर डाव खेळूनही तिघांपैकी एकाहून जास्त जणांच्या पदरी भोपळा! हे सोसून किती जण खेळत राहतील? म्हणून बॉटला सरसकट फसवणूक म्हणायला मी तयार नाही. मात्र ते आहेत की नाहीत आणि किती, हे खेळाडूला दिसायला हवे, असे माझे मत आहे.

बॉट घातले नाहीत तर काय होते? वाट पाहणे लांबले की काही जण कंटाळून जातात. ते गेले की उरलेल्यांचे थांबणे आणखी लांबते. मग तेही जातात. ट्रॉम्बेची 'अप्सरा' अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यातली शृंखला अभिक्रिया स्वतःच्या बळावर चालू राहिली. त्यासाठी पुरेसे इंधन एकत्र असावे लागते. थोडे कमी पडले की अभिक्रिया विझते. खेळाचेही तसेच. आणि माणसे गर्दीकडेच धावतात. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची जुन्या धर्तीची आवृत्ती ऑगस्ट २०१९ मध्ये आली तेव्हा कमी गर्दीचे सर्व्हर उपलब्ध असतानाही लोक भरलेल्या सर्व्हरबाहेर तासन्‌तास ताटकळले. पुढे वस्ती जिथे कमी होती असे सर्व्हर ओस पडत गेले. लोकलमध्ये जागा मिळावी म्हणून अंबरनाथचा प्रवासी उलटा बदलापूरला जाऊन बसतो. खेळाडू मात्र जागा नसलेला डबाच पसंत करतो, कारण त्याला सोबत हवी असते.

माझे विवेचन त्या मुलाने निमूट मान्य केले नाही, याचा मला आनंद झाला. तो म्हणाला, "सर, रात्री समोरचेही पेंगत असतील. म्हणून मी जिंकत असेन." शंका रास्त होती. प्रयोगाशिवाय उत्तर नाही. फक्त ओळखीच्यांसाठी बंद खोली उघडण्याची सोय खेळात असते. एका रविवारी संध्याकाळी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील २२ मुले त्याने जमविली. प्रत्येक जण एकटा, सगळी खरी माणसे, आणि सहा डाव. तुल्यबळ धरले तर प्रत्येकाला अपेक्षित विजय ६/२२, म्हणजे सुमारे ०.२७. त्याने एक डाव जिंकला.

सोमवारी वही घेऊन तो स्टाफरूममध्ये आला. मी अभिनंदन करणार तोच म्हणाला, "सर, एका विजयावरून काही ठरत नाही. योगायोगानेही सहांत एखादा येऊ शकतो." आम्ही दोघांनी मिळून १ − (२१/२२)⁶ काढले. उत्तर आले सुमारे ०.२४. पुढच्या रविवारी आणखी दहा डाव ठेवायचे त्याने ठरविले आहे, तेही संध्याकाळी पाच वाजता.