वाचलेला घास कुणाचा?

फ्रान्समधल्या रुआँ शहराच्या कॅथीड्रलच्या एका मनोऱ्याला लोक ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो उभा राहू लागला, तेव्हा बांधकामाचा पैसा विलक्षण वाटेने आला. त्या काळी ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मांसाबरोबर दूध, लोणी, अंडीही वर्ज्य असत. नॉर्मंडी हा दुधा-लोण्याचा मुलुख, तेल मात्र बाहेरून येणारं आणि महाग. तेव्हा चर्चला ठरावीक देणगी द्यायची आणि उपवासातही लोणी खायची परवानगी मिळवायची, अशी सोय निघाली. ज्याच्या गाठीला पैसा, त्याची भाकर लोण्याची. ज्याच्याकडे नाही, त्याची कोरडी.

१५२० साली धर्मसुधारक मार्टिन लूथरने जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत या परवान्यांवर कडाडून टीका केली. दोनच वर्षांनी झुरिकमध्ये क्रिस्टोफ फ्रोशाउअर या छापखानेवाल्याच्या घरी ऐन उपवासकाळात सॉसेज खाल्लं गेलं. धर्मगुरू उलरिख झ्विंगली तिथे हजर होते. त्यांनी स्वतः खाल्लं नाही, पण पुढे प्रवचनातून खाणाऱ्यांची बाजू घेतली. स्वित्झर्लंडमधल्या धर्मसुधारणेची ठिणगी अशी पडली. उपवासाला विरोध करणं हा या मंडळींचा हेतू नव्हता. सक्ती आणि त्या सक्तीवर चाललेला व्यवहार त्यांना सलत होता, आणि त्यांचं खरंच होतं. उपवासातून जे वाचतं ते भुकेल्याच्या ताटात जायला हवं होतं, ते दगडी मनोऱ्यात गेलं.

मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढून पाहावा. तिथे दान, प्रार्थना आणि उपवास या तीन गोष्टी येशू लागोपाठ सांगतो आणि तिन्हींना एकच अट घालतो: गाजावाजा नको. उपवास करणाऱ्याने सुतकी चेहऱ्याने हिंडू नये, तोंड धुवावं, डोक्याला तेल लावावं, म्हणजे चारचौघांना कळणारही नाही. त्याच्याही कितीतरी आधी यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक देवाकडे गाऱ्हाणं घेऊन येतात की आम्ही उपाशी राहतो, तरी तू बघतही नाहीस. त्यांना उत्तर मिळतं ते झोंबणारं आहे. उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपल्या मजुरांना पिळून घेता. जुलमाची बंधनं तोडा, भुकेल्याला आपल्यातली भाकर द्या, उघड्याला वस्त्र द्या, तो खरा उपवास.

हे रोजच्या जगण्यात कसं आणायचं, याचा हिशेब दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात आहे. उपवासाच्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घ्यावं. एरवी त्या दिवशी जे खाल्लं असतं त्याची किंमत काढावी आणि तेवढी रक्कम बाजूला ठेवून विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावी. ख्रिस्ती उपवासावर पुढे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले, पण मला हा हिशेब सगळ्यांत मोलाचा वाटतो. पाचव्या शतकात पोप लिओ (पहिले) हेच आपल्या प्रवचनांतून रोमच्या लोकांना सांगत राहिले: श्रीमंताने सोडलेलं जेवण गरिबाचं जेवण झालं पाहिजे.

आपल्याकडे ‘एकादशी दुप्पट खाशी’ म्हणतात. ख्रिस्ती घरातही ही वाट सापडतेच. शुक्रवारी मांस नको, पण मासळी चालते. मांस हे जिथे चैनीचं अन्न होतं, तिथे त्या नियमाला अर्थ होता. वसईत किंवा गोव्यात मासळी रोजच्या ताटातली. तिथे मटण टाळून शुक्रवारी पापलेट तळलं, तर नियम अक्षरशः पाळला जातो आणि खर्च उलट वाढतो. अशा घराने शुक्रवारी डाळभात खाऊन पापलेटाचे पैसे वेगळे काढले, तर तो हर्मासच्या हिशेबात बसणारा उपवास.

कॅथलिक चर्चचा आजचा नियम पाहिला तर तो अगदी हलका आहे. १९६६ साली पोप पॉल सहावे यांनी जुन्या कडक पद्धतीत बदल केले. राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे राहिले: दिवसातून एकदा पोटभर जेवण, सकाळ-संध्याकाळ थोडंसं खाल्लं तर हरकत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार हा उपवास अठरा वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत बंधनकारक आहे. मांसवर्जन चौदाव्या वर्षानंतर. ही किमान रेषा झाली. तिच्यापुढे किती जायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

इथिओपियातल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ही रेषा खूपच वर आहे. तिथे बहुतेक सगळे बुधवार-शुक्रवार उपवासाचे आणि ईस्टरपूर्वीचा मोठा उपवास पंचावन्न दिवसांचा. मांस, दूध, लोणी, अंडी काही नाही, आणि पहिला घासही दुपार टळल्यावर. त्या दिवसांत इंजेरा या ताटाएवढ्या आंबूस धिरड्यावर शिरो वाढतात. भाजलेल्या हरभऱ्या-वाटाण्याच्या पिठात तिखट मसाला घालून तो रटरटवतात. आपल्या पिठल्याचा तो सख्खा भाऊच. गरीब-श्रीमंत सगळ्यांच्या घरी तेच शिजतं. लोण्याच्या मनोऱ्याने जे मोडलं, ते इथे टिकून आहे असं वाटतं.

प्रॉटेस्टंट परंपरेनेही उपवास टाकला नाही. सक्ती नाकारणाऱ्या धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनने त्याचे तीन हेतू सांगितले: देहाला लगाम, प्रार्थनेची तयारी आणि देवापुढे नम्र होणं. अठराव्या शतकात इंग्लंडमधले धर्मोपदेशक जॉन वेस्ली आठवड्याला नेमाने उपवास करत आणि आपल्या अनुयायांनाही तसं सांगत. महाराष्ट्रात अनेक मंडळ्यांमध्ये ‘उपवास-प्रार्थना’ भरते. घरचं आजारपण, नोकरी, रखडलेलं लग्न अशा चिंता घेऊन माणसं उपाशीपोटी येतात आणि तासन् तास प्रार्थना करतात. त्या कळकळीबद्दल मला आदर आहे. मात्र उपाशी राहिलं की देवाला ऐकावंच लागतं, असं कुणी शिकवत असेल तर ते शुभवर्तमानाला धरून नाही. उपवास म्हणजे देवापुढे धरलेलं धरणं नव्हे.

नियम कुठे सैल करायचा, हेही जुन्या लोकांना ठाऊक होतं. जॉन कॅसियन हा ख्रिस्ती संन्यासी चौथ्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमधल्या संन्याशांकडे गेला, तेव्हा एरवी कडक उपवास करणारे ते साधू पाहुण्यांसाठी उपवास मोडताना दिसले. त्याने कारण विचारलं. एका वृद्धाने सांगितलं की उपवास माझ्यापाशी कायम आहे, तुम्ही मात्र निघून जाणार. तुमच्या रूपाने ख्रिस्त दारी आला असता त्याला जेवू घालायलाच हवं. आजारी माणूस, गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई, इन्सुलिन घेणारा मधुमेही यांनी उपाशी राहू नये, ही समज याच जातीची. त्यांनी उपवासाचा हिशेब दानात भरून काढावा.

विसाव्या शतकात हर्मासचा तो हिशेब मोठ्या प्रमाणावर पुन्हा मांडला गेला. १९५८ साली कोलोनचे कार्डिनल योझेफ फ्रिंग्स यांच्या पुढाकाराने जर्मन बिशपांनी उपवासकाळात भूक आणि रोगराई यांविरुद्ध निधी गोळा करायचं ठरवलं. त्यातून ‘मिझेरेओर’ ही संस्था उभी राहिली. युद्धात उद्ध्वस्त झालेला देश नुकता सावरत होता, आणि तिथल्या घरांनी दूरच्या भुकेल्यांसाठी पैसे वेगळे काढले. त्यातली मदत भारतातही आली. १९७५ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाऊनमध्ये पुठ्ठ्याची छोटी ‘भाताची वाटी’ जेवणाच्या टेबलावर ठेवायची प्रथा सुरू झाली. साधं जेवून वाचलेले पैसे तीत टाकायचे. भारतात ‘कारितास इंडिया’ही उपवासकाळात असाच निधी गोळा करते. दानाच्या पाकिटावर नाव लिहायची गरज नसते, आणि तेही मत्तयच्या सहाव्या अध्यायाला धरूनच आहे.

आणि उपवास संपतो, हेही या परंपरेतच लिहिलेलं आहे. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून चाळीस दिवसांच्या मोजणीत तो धरत नाहीत. चौथ्या शतकात गंग्रा येथे भरलेल्या धर्मसभेने वैराग्याच्या नावाखाली रविवारी उपवास करणाऱ्यांचा निषेध केला होता. इथिओपियात तर ईस्टरच्या मध्यरात्रीची उपासना आटोपली की पहाटेच डोरो वोट, म्हणजे कोंबडीचा झणझणीत रस्सा, पानात येतो आणि पुढचे पन्नास दिवस बुधवार-शुक्रवारचाही उपवास धरत नाहीत.