फिट थांबली तरी गोळी थांबवू नका



बीबीजवळच्या वस्तीवर एका आईने मला सांगितले, “चार महिने फिट आली नाही, म्हणून पोरीची गोळी बंद केली.” पंधरा दिवसांत पोर चुलीजवळ पडली.

मिरगी ही बाहेरची बाधा नव्हे, मेंदूचा आजार आहे. कांदा-चप्पल हुंगवून तो जात नाही. त्यावर फेनोबार्बिटोन चालते, हे जर्मन डॉक्टर आल्फ्रेड हाउप्टमान यांनी १९१२ साली प्रसिद्ध केले. पुढे डॉ. के. एस. मणी व सहकाऱ्यांनी कर्नाटकातील येळंदूर भागातल्या रुग्णांना हे आणि फेनिटॉइन ही स्वस्त औषधे दिली. खेड्यातही त्यांनी फिट आटोक्यात राहतात, हे २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

गोळी फिट रोखून धरते. ती अचानक सोडली, तर फिट जोराने परतते. डॉक्टर सांगेपर्यंत सोडू नये.

ती आई आता रोज रात्री गोळी देऊन मगच प्रार्थनेला बसते. तिची आठवण प्रार्थनेत ठेवा.