बिनतारी सोबती (लेखांक ९) : पॉवर बँकेला झोप का लागते?

कोडेकचा, म्हणजे ब्लूटूथवरून पाठवताना आवाज आवळायच्या रीतींचा विषय आज यायचा होता, तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. एसबीसी, एएसी, एलडॅक कुठे पळून जात नाहीत. परवा आलेलं एक पत्र मात्र थांबवून ठेवण्यासारखं नाही, कारण लिहिणाऱ्यांना आषाढी वारीत आळंदीहून पंढरपूरला चालत जायचंय आणि त्याआधी उत्तर हवंय.

पत्र एका निवृत्त शिक्षकांचं आहे. दोन्ही कानांना श्रवणयंत्रं, तीही चार्ज करायची. गेल्या वारीला निघताना त्यांनी १०,००० एमएएचची कोरी पॉवर बँक घेतली होती. सासवडच्या मुक्कामी रात्री यंत्रं चार्जरच्या डबीत ठेवली, डबी पॉवर बँकेला जोडली, हिरवा दिवा लागलेला पाहिला आणि ते निर्धास्त झोपले. पहाटे यंत्रं कानात घातली तर दोन्ही बंद. पॉवर बँकेचे चारही दिवे मात्र शाबूत. दुकानदाराने सांगितलं, बँक लहान पडली, २०,०००ची घ्या. ती घ्यावी का, हा त्यांचा पहिला प्रश्न.

घेऊ नका. मागच्या वेळचा वॉट-तासांचा हिशेब (एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले हजार) इथे मांडून बघा. श्रवणयंत्रातली लिथियम-आयन बॅटरी साधारण २५ एमएएचची धरू. दोन्हींची मिळून ऊर्जा पाव वॉट-तासापेक्षाही कमी. तुमच्या पॉवर बँकेत ३७ वॉट-तास आहेत. व्होल्टेज वाढवताना होणारी घट, डबीतली घट, असं सगळं वजा केलं तरी कागदावर ही बँक अख्खी वारी पुरून उरेल. साठा कमी पडलाच नाही. साठ्याचं दार मध्यरात्रीच्या कितीतरी आधी, बहुधा तुम्ही अंगावर पांघरूण घेत होता तेव्हाच बंद झालं.

पॉवर बँकेच्या आतल्या सेलचा दाब ३.७ व्होल्टच्या आसपास असतो आणि यूएसबीला लागतात ५. हे वाढवायचं काम आतलं बूस्ट सर्किट करतं. ते चालू असलं की बाहेर काही जोडलेलं असो वा नसो, स्वतःसाठी थोडी वीज खातंच. समजा ते १५ मिलीअँपिअर खातं. मग कपाटात नुसती पडून असलेली १०,०००ची बँक महिनाभरात रिकामी होईल आणि गिऱ्हाईक भांडायला दुकानात येईल. म्हणून बनवणाऱ्यांनी सोय केली : बाहेर जाणारा प्रवाह एका मर्यादेखाली गेला आणि थोडा वेळ तसाच राहिला, की फोन भरला किंवा काढून घेतला असं समजायचं आणि सर्किट बंद करायचं. गिरणीवाला पावशेर दळणासाठी पट्टा चढवत नाही, त्यातलाच हा व्यवहार.

ही मर्यादा केवढी? स्वस्त पॉवर बँकांमध्ये सर्रास सापडणारी आयपी५३०६ ही चिप घ्या. तिच्या माहितीपत्रकात सुमारे ४५ मिलीअँपिअर आणि ३२ सेकंद हे आकडे आहेत. काही बँका ६०ला झोपतात, काही १००ला. फोन सुरुवातीला हजार-दोन हजार मिलीअँपिअर ओढतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत ही मर्यादा कधी जाणवतच नाही. ही बँक घडवताना डोळ्यांसमोर फोन होता. श्रवणयंत्राची साधी डबी, मनगटाचा फिटनेस बँड, अंगठीसारखी चिमुकली यंत्रं यांची भूक तिच्या हिशेबात शून्यच. हिरवा दिवा लागतो, अर्ध्या मिनिटाने विझतो, तोवर आपण कूस बदललेली असते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर यूएसबी मीटर घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळतो. बोटाएवढा असतो, बँक आणि केबल यांच्यामध्ये बसतो आणि व्होल्ट, अँपिअर दाखवतो. माझ्या इअरबडच्या डबीला तो लावला तेव्हा सुरुवातीला ०.३२ अँपिअर दिसत होते. बराच वेळ आकडा हलला नाही. मग डबीतली बॅटरी ४.२ व्होल्टला टेकली आणि आकडा उतरू लागला : ०.२०, ०.११, ०.०७. लिथियमची बॅटरी भरायची रीतच ही, शेवटचा घोट अगदी सावकाश. ०.०५ दिसलं आणि थोड्या वेळात मीटरचा पडदाच काळा झाला. मीटरला लागणारी वीजही त्याच वाटेने येत होती ना! डबी तेव्हा जवळपास भरली होती, पण पूर्ण नाही. इअरबड ‘शंभर टक्के’ कधीच का दाखवत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच जणांचं कोडं इथे सुटावं. मीटर स्वतःही थोडे मिलीअँपिअर खातो, हे लक्षात असू द्या. मीटर लावल्यावर चालतं आणि काढल्यावर बंद पडतं, असा चमत्कार त्यामुळेच घडतो.

या चमत्कारातच इलाज आहे आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या छांदिष्टांनी तो कधीच शोधून काढलाय. रानात हवामान मोजणारी यंत्रं पॉवर बँकेवर चालवणाऱ्यांना याच झोपेने छळलं होतं. यंत्र वीज वाचवायला झोपतं, ते झोपलं म्हणून बँकही झोपते, आणि पुन्हा उठवायला कोणीच उरत नाही. मग त्यांनी ट्रान्झिस्टर, रेझिस्टर असे भाग जोडून असं सर्किट केलं, की दर काही सेकंदांनी क्षणभर मोठा प्रवाह ओढायचा आणि सोडून द्यायचा. बँकेला वाटतं, गिऱ्हाईक अजून उभं आहे.

वारीच्या पिशवीत ट्रान्झिस्टर नको. तिथे हे पर्याय :

पहिला, बँकेची माहितीपुस्तिका वाचा. बऱ्याच बँकांमध्ये लहान उपकरणांसाठी ‘लो करंट’ किंवा ‘ट्रिकल’ नावाची सोय असते. बटण दोनदा दाबायचं किंवा दोन-तीन सेकंद धरून ठेवायचं, की दिव्याचा रंग किंवा लुकलुकणं बदलतं आणि बँक झोपायचं विसरते. मात्र काही बँकांत ही सोय दोन तासांनी आपोआप बंद होते. श्रवणयंत्रं भरायला त्याहून जास्त वेळ लागत असेल तर मध्ये एकदा उठावं लागेल. नवी बँक घेणारच असाल तर दुकानात २०,०००चा आकडा विचारू नका, ही सोय आहे का ते विचारा. मीटर सोबत नेलात तर उत्तमच.

दुसरा इलाज मला फार आवडतो. बऱ्याच बँकांना दुसरं तोंड असतं. त्यात यूएसबीवर चालणारा छोटा एलईडी दिवा खोचा. एक वॉटचा दिवा २०० मिलीअँपिअर ओढतो, म्हणजे बँक जागी ठेवायला पुरेसा. आठ तासांत ८ वॉट-तास जातील. बँक दोन-तीन रात्रींत भरून घ्यावी लागेल हे खरं, पण राहुटीत रात्रभर मंद उजेड राहील आणि पहाटे चपला शोधायला बरं पडेल. दिव्याऐवजी फोन लावला तर तो भरेपर्यंतच उपयोग. काही बँका प्रत्येक तोंडाचा प्रवाह वेगळा मोजतात, तिथे ही युक्ती चालत नाही. घरी एका रात्रीत कळेल.

तिसरा इलाज, स्वतःची बॅटरी असलेली चार्जरची डबी. इअरबडच्या डबीचा प्रकार हाच. ती दिवसा बँकेतून दोन-तीनशे मिलीअँपिअरने आपलं पोट भरते, म्हणून बँक जागी राहते. रात्री ती तीच वीज कानातल्या यंत्रांना थेंबाथेंबाने पाजते, तिथे बँकेचा संबंधच नाही. श्रवणयंत्रांच्या अनेक कंपन्या साध्या डबीसोबत अशीही डबी विकतात. महाग असते, पण वर्षातले तीन आठवडे वाटेवर राहणाऱ्याने तिचा विचार जरूर करावा.

आणि जुनं यंत्र घरात असेल तर चौथा. बटणासारख्या झिंक-एअर सेलवर चालणारी श्रवणयंत्रं अजून मिळतात. पिवळ्या पट्टीचा १०, तपकिरी ३१२, नारिंगी १३, निळा ६७५. पट्टी सोलली की हवेतला ऑक्सिजन आत शिरतो आणि सेल जागा होतो. सोलल्यावर मिनिटभर थांबून मग बसवावा. पट्टी पुन्हा चिकटवून तो थांबत नाही, म्हणून आधीच सोलून ठेवू नयेत. आषाढातल्या दमट हवेचा या सेलला त्रास होतो. तरी चार्जरची फिकीर नको असणाऱ्यांना खिशात मावणारी एवढी सोय दुसरी नाही.

पत्रात एक ओळ कंसात होती, ती मला सगळ्यात रंजक वाटली. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली की डबीचा दिवा क्षणभरही लागत नाही, मुलाच्या जुन्या फोनची केबल लावली की लागतो. ही झोप नव्हे. टाइप-सीच्या तोंडावर वीज आयती उभी नसते. समोर घेणारा कोणी आहे अशी खूण पटली तरच ती सोडली जाते, आणि ती खूण म्हणजे उपकरणातले ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर, पैशांत मोजावेत इतके स्वस्त. स्वस्त डब्या बनवणारे तेच गाळतात. जुन्या रुंद तोंडाच्या यूएसबी-एला अशी खूण लागत नाही. बँक जागी असली की तिथे ५ व्होल्ट हजर, म्हणून जुनी केबल चालते. ही चूक फक्त गल्लीतल्या मालात होते असं नाही. २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ या नावाजलेल्या संगणकात दोन रेझिस्टरच्या जागी एकच सामाईक बसवला होता, आणि आत चिप असलेल्या भारी केबल त्याला वीजच देत नव्हत्या. साधी केबल लावली की चालायचा. तेव्हा वारीच्या पिशवीत एका टोकाला यूएसबी-ए असलेली केबल असू द्या, आणि बँकही तसं तोंड असलेलीच घ्या.

त्यांचा शेवटचा प्रश्न ब्लूटूथचा. फोनवर ५.३ लिहिलंय, यंत्राचं अॅपही चालतं, मग फोनवरचं बोलणं थेट कानात का येत नाही? आवृत्तीच्या आकड्याबद्दल आपण मागे बोललोच आहोत. तो बघून फसू नये याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. अॅपला आवाज कमी-जास्त करायला ब्लूटूथ लो एनर्जीची चिमूटभर माहिती पुरते. आवाज सलग पाठवणं ही वेगळी गोष्ट, आणि श्रवणयंत्रांत तिच्या चार वाटा आहेत : आयफोनची खास वाट, गुगलची २०१८मध्ये जाहीर झालेली ‘आशा’ नावाची वाट, साध्या हँड्सफ्रीची जुनी वाट, आणि २०२२मध्ये पूर्ण झालेलं एलई ऑडिओ. त्यांच्या यंत्राच्या खोक्यावर आयफोनसाठी बनवल्याचा शिक्का आहे आणि हातात अँड्रॉइड फोन. दोघांची वाटच एक नाही. ५.३ असूनही एलई ऑडिओ असेलच असं नाही, कारण तो भाग ऐच्छिक आहे. यंत्र बदलायची वेळ येईल तेव्हा आधी फोन दाखवून, कॉल लावून, कानाने ऐकून मगच घ्या. आता वारीपुरतं ब्लूटूथ बंद ठेवावं का? अॅपची नुसती जोडणी फारसं काही खात नाही. तासन्‌तास आवाज प्रवाहित केला तर चार्ज लवकर उतरतो. ते होतच नसेल तर बंद ठेवून विशेष फरक पडणार नाही.

वाचकांना एक काम. घरातली पॉवर बँक घ्या, तिला सर्वांत लहान उपकरण जोडा आणि पाच मिनिटांनी दिवा बघा. विझला असेल तर बटण दोनदा दाबून पुन्हा बघा. कुठली बँक जागी राहिली आणि कुठली झोपली, ते मॉडेलसकट कळवा. यादी जमली तर इथे छापू. कोडेक पुढच्या आठवड्यात, नक्की. मध्ये आणखी एखादं असं पत्र आलं नाही तर.