ओझर ते बेळगाव: विमान एक तासाचं, प्रवास सव्वाचार तासांचा



व्हिडिओत घाईघाईत सांगितलेला प्रवासाचा हिशोब इथे नीट मांडतो. समजा, इंदिरानगरात तुमचं साडीचं दुकान आहे आणि बेळगावच्या शहापूर-वडगावच्या विणकरांकडे माल बघायला जायचंय. विमान की बस?

ओझर ते बेळगावचा सांबरा विमानतळ हे हवाई अंतर साधारण ४८० किलोमीटर. रस्त्याने पुणे-कोल्हापूरमार्गे जवळपास ५५०. 'उडान' योजनेखाली स्टार एअरने जानेवारी २०२१ मध्ये हा मार्ग सुरू केला, तोही ५० सीटच्या छोट्या जेटने. हवेतला वेळ फक्त तासभर. ऐकायला भारी वाटतं ना?

आता घर ते बाजार मोजा. इंदिरानगर ते ओझर ४५ मिनिटं. विमानतळावर दीड तास आधी. उड्डाण १ तास. उतरून बाहेर यायला अर्धा तास. सांबऱ्याहून शहापूर अर्धा तास. एकूण सव्वाचार तास! यातले सव्वातीन तास जमिनीवरचे.

हे सव्वातीन तास म्हणजे दुकानाच्या भाड्यासारखे. गिऱ्हाईक येवो न येवो, भाडं द्यावंच लागतं. तसंच विमान १७० किलोमीटर उडो की ४८०, हा वेळ जातोच. म्हणून जवळच्या अंतरात विमान परवडत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने नाशिक-पुणे विमान सुरू केलं होतं. हवेतून अंतर जेमतेम १७० किलोमीटर. घरापासून धरलं तर चार तास, आणि गाडीने पाच! बेळगावला मात्र गाडीने दहा-अकरा तास लागतात, म्हणजे सहाएक तास वाचतात.

मग विमानच घ्यायचं? थांबा. वाचलेले तास दुकानाचे आहेत का, ते बघा.

महिन्याला ढोबळ नफा ६०,००० रुपये, दुकान २६ दिवस, रोज १० तास उघडं. म्हणजे एका तासाची किंमत सुमारे २३० रुपये. रात्री आठला दुकान वाढवून बसने निघालात, तर जाताना दुकानाचा एकही तास बुडत नाही. विमान भर दुपारचं असेल, तर अख्खा दिवस गेला, म्हणजे २,३०० रुपये. हे तिकिटात धरा. दुकानात दुसरं माणूस बसत असेल, तर हा आकडा बराच खाली येतो.

बुकिंगआधी तीन गोष्टी तपासा:

१. हे विमान सध्या चालू आहे का आणि कोणत्या वारी? छोट्या विमानतळांची वेळापत्रकं बदलत राहतात.
२. परतीचं विमान कधी? दोन दिवसांनी असेल, तर लॉजचं भाडं आणि बंद शटर दोन्ही मोजा.
३. माल कसा येणार? बॅगेचं वजन ठरलेलं असतं, वर किलोमागे पैसे. गठ्ठे ट्रान्सपोर्टनेच पाठवा.

तिकीट स्वस्त की महाग, हे तिकिटावर लिहिलेलं नसतं. ते तुमच्या गल्ल्यात दिसतं. आजच वही काढा आणि तुमच्या दुकानाच्या एका तासाची किंमत लिहा. पुढची खरेदीची फेरी त्या आकड्यावरच ठरवा.