परदेशी नोकरीचा कागद घरच्यांना वाचता यावा

अल्लीपूरचा पोरगा सौदीला गवंडीकामाला निघाला की एजंट म्हणतो, "सही करा ना माय, बाकी मी पाहतो." घर फसते ते इथेच.

गावातल्या शिकल्यासवरल्या मुलांनी यासाठी एकपानी पत्रक छापावे. अक्षर मोठे असावे, आजीला दिसेल एवढे. 'उत्प्रवास अनुमती' असे लिहाल तर कोण वाचणार? सरळ लिहा : दहावी पास नसाल तर साधारणपणे पासपोर्टवर 'ईसीआर' असते. मग सौदी, कुवेत, कतार धरून 18 देशांत नोकरीसाठी आधी सरकारची परवानगी लागते. ही अट 1983 च्या कायद्याची आहे.

खाली ठळक चौकट हवी. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. पावती घ्याच. त्याची नोंदणी 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. "व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलू" म्हणणाऱ्याच्या हाती पासपोर्ट देऊ नका.

छापण्याआधी रविवारी विहारात चौथी शिकलेल्या एखाद्या बाईला ते मोठ्याने वाचायला सांगा. ती अडखळेल ती ओळ बदला, चूक तिची नाही. मागची बाजू कोरी ठेवा. तिथे मालकाचे नाव, ठरलेला पगार, पासपोर्टचा क्रमांक लिहून ते पान आईजवळ राहू द्या.