दहा सेकंदांचा रॅपर

१२ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री हिंदी ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वाची अंतिम फेरी रंगली, तेव्हा सलमान खानच्या डाव्या-उजव्या हाताला उरलेले दोघेही महाराष्ट्राचेच होते. एक अमरावतीचा शिव ठाकरे, २०१९ मध्ये मराठी ‘बिग बॉस’चं दुसरं पर्व जिंकलेला. दुसरा पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीत वाढलेला अल्ताफ शेख, म्हणजेच रॅपर एमसी स्टॅन. करंडक, ३१ लाख ८० हजार रुपये आणि एक मोटार स्टॅन घेऊन गेला. अमरावतीचा गडी दुसरा आला. शिव प्रत्येक कामात पुढे होता आणि स्टॅन मात्र बराच काळ ‘मला घरी जायचंय’ असंच म्हणत होता, ही तक्रार तेव्हा वऱ्हाडात झाली तशी इतरत्रही झाली. पण त्या निकालातली खरी गोष्ट वेगळी आहे. मतं पडली ती स्टॅनच्या गाण्यांमुळे, की त्याच्या तोंडी सतत असलेल्या ‘शेमडी’ आणि ‘हक से’मुळे, त्याच्या ऐंशी हजारांच्या बुटांमुळे, गळ्यातल्या ‘हिंदी’ अक्षरांच्या हिरेजडित लॉकेटमुळे? हे शब्द आणि वस्तू चार महिन्यांत मीम बनून घराघरातल्या फोनवर पोचल्या. ‘खुजा मत’ (२०१९), ‘तडीपार’ (२०२०), ‘इन्सान’ (२०२२) ही त्याची खरी कमाई. ती मात्र बूट ओळखणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ऐकलेली होती.

मीम कसं तयार होतं, हे जवळून पाहिलं की कारण कळतं. चार-पाच मिनिटांच्या गाण्यातून किंवा तासाभराच्या भागातून आठ-दहा सेकंद कापले जातात. त्या तुकड्यात एखादा उच्चार, एखादा हातवारा किंवा एखादी वस्तू असते. मागचंपुढचं काहीच नसतं. मग त्यावर कुणी परीक्षेचा निकाल चिकटवतो, कुणी पगाराची तारीख, कुणी क्रिकेटचा पराभव. दहाव्या हातात पोचेपर्यंत मूळ माणूस कोण आणि तो काय म्हणत होता, याच्याशी कुणाला देणंघेणं उरत नाही. स्टॅनच्या गाण्यांत वस्ती आहे, पोलीस आहेत, उधारी आहे, आई आहे, शत्रूंना दिलेलं आव्हान आहे आणि भरपूर शिवराळपणाही आहे. मीममध्ये यातलं काही येत नाही, फक्त बूट येतात. मीमने रॅपरला नाव मिळतं, पण त्याचं ऐकून घेतलं जातंच असं नाही. त्यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. तुकडा पाहून हसणारे आणि तुकडा पाहून पोलीस ठाण्यात जाणारे, दोघांचीही सवय एकच. पूर्ण गाणं दोघांनाही नको असतं.

त्याच २०२३ च्या मार्चमध्ये इंदूरला स्टॅनचा कार्यक्रम चालू असताना बजरंग दलाचे कार्यकर्ते मंचावर चढले. गाण्यांत शिवीगाळ आणि नशेचा पुरस्कार आहे, असा त्यांचा आक्षेप होता. स्टॅनला कार्यक्रम सोडून जावं लागलं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्रात लागोपाठ दोन प्रकरणं घडली. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेने राज्यातल्या सत्तांतरावर एक रॅप टाकला. त्यात कुठल्या पक्षाचं वा नेत्याचं नाव नव्हतं, पण ‘खोके’, म्हणजे कोटी रुपये, होते. आणि ऑगस्ट २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विधान भवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी दिलेली ‘पन्नास खोके’ची घोषणा एव्हाना साऱ्या राज्याला पाठ झालेली होती. तेव्हाच्या सत्ताधारी शिंदे गटाकडून अंबरनाथमध्ये तक्रार झाली, गुन्हा नोंदवला गेला. मुंबईत उमेश खाडे या रॅपरवर त्याच सुमारास वडाळ्यात गुन्हा दाखल झाला. त्याच्या गाण्याचा विषय होता राजकारण्यांनी जनतेची केलेली फसवणूक. अंबादास दानवे आणि जितेंद्र आव्हाड यांच्यासारखे विरोधी नेते रॅपरांच्या बाजूने उभे राहिले. काही दिवस सगळ्या वाहिन्यांवर रॅपच रॅप होता.

इथे पहिला आक्षेप येतो. तक्रार झाली नसती तर मुंगासेला राज्याने ओळखलं असतं का? मीम नसतं तर ताडीवाला रोडचा मुलगा राष्ट्रीय वाहिनीवर जिंकला असता का? हा मुद्दा खरा आहे, आणि नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांच्यामागे ना कंपनी, ना घराणं, ना ओळख, त्यांच्यासाठी फोनचा पडदा हाच मंच आहे. पण त्या प्रसिद्धीने काय दिलं, हेही पाहायला हवं. मुंगासेच्या गाण्यावर बोलणाऱ्यांनी खोके कुणाचे यावरच वाद घातला. यमक कसं जुळवलं, ताल कुठे तोडला, शेतकऱ्याचा विषय कुठून आणला, यावर कुणी चार वाक्यं बोललं नाही. सत्ताधाऱ्यांना तो आरोपी हवा होता, विरोधकांना हत्यार. दोघांचं काम झालं आणि गाणं मागे पडलं. मुंगासेचं त्यानंतरचं गाणं कोणतं, हे आज किती जणांना सांगता येईल?

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. या गाण्यांत बाईबद्दलची भाषा हिणकस असते, नशा मिरवली जाते, कोवळी पोरं तेच तोंडी घेतात. हे खरं आहे आणि त्यावर टीका झालीच पाहिजे. पण टीका करायला गाणं पूर्ण ऐकावं लागतं. शिवी पात्राची आहे की गाणाऱ्याची, ती कुणाला दिली आहे, पुढच्या कडव्यात तिचं काय होतं, हे तुकड्यात कळत नाही. उलट मीम त्या शिवीला विनोद बनवतं, आणि विनोदावर टीका करणारा खडूस ठरतो. गाण्यातला आशय आणि चित्रीकरणातला बेकायदा प्रकार यांतही फरक करायला हवा. एप्रिल २०२३ मध्येच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत दारूची बाटली, तलवार आणि पिस्तूल मांडून एका रॅपचं चित्रीकरण झाल्याचं उघड झालं. तिथे प्रश्न परवानगीचा आणि जागेचा होता. त्याची चौकशी होणं आणि राजकीय उपरोधावर गुन्हा दाखल होणं, या दोन गोष्टी एका तागडीत तोलता येत नाहीत.

तिसरा आक्षेप वऱ्हाडाने तरी हलक्यात घेऊ नये. पडद्यावरचा मजकूर रस्त्यावर उतरतो, हे आपण पाहिलं आहे. १३ मे २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल उसळली, एकाचा जीव गेला, जमावबंदी लागली. मग सरकारने शब्दांवर लक्ष ठेवू नये का? ठेवावं. दुसऱ्याच्या धर्मावर, जातीवर माणसं धावून जातील असं लिहिणं हा गुन्हाच आहे. पण सत्ताधाऱ्याची टर उडवणं ही चिथावणी नाही. शिवाय अशा आगी पेटतात त्या बहुधा पुढे ढकललेल्या तुकड्यांनीच. कुठल्या तरी संभाषणाचा फोटो, मागचंपुढचं कापलेली चित्रफीत. म्हणजे अकोल्याचा अनुभवही पूर्ण ऐकण्याच्या, पूर्ण वाचण्याच्या बाजूनेच साक्ष देतो.

रॅप हे परदेशी खूळ आहे, असंही म्हटलं जातं. त्याचा उगम १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत झाला, हे बरोबर. पण तालावर ठासून बोलत लोकांना जागं करणं वऱ्हाडाला कुणी शिकवायला नको. शेंडगावच्या गाडगेबाबांनी कीर्तनात समोरच्या माणसाला थेट प्रश्न विचारून बोलतं केलं. यावलीत जन्मलेल्या आणि मोझरीला गुरुकुंज उभारलेल्या तुकडोजी महाराजांनी एका खंजिरीवर हजारोंचा समुदाय खिळवून ठेवला. १९४२ मध्ये आष्टी-चिमूरचा उठाव झाला, तेव्हा याच भजनांनी लोक पेटले असं इंग्रज सरकारला वाटलं आणि महाराजांना अटक होऊन नागपूर-रायपूरच्या तुरुंगात राहावं लागलं. पुढे त्याच खंजिरीचं भजन राष्ट्रपती भवनात झालं आणि राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटलं. आंबेडकरी जलशांनीही हेच काम केलं. आजच्या प्रत्येक रॅपरला तुकडोजींच्या पंक्तीला बसवावं असं कुणी म्हणणार नाही. पण तालावर बोललेल्या शब्दाची सत्तेला भीती वाटते, हे इथे नवं नाही. नवं एवढंच की तेव्हाचा श्रोता भजन संपेपर्यंत मांडी घालून बसत होता.

अमरावतीतूनच सौरभ अभ्यंकर, म्हणजे ‘हंड्रेड-आरबीएच’, २०२३ च्या ‘एमटीव्ही हसल’च्या तिसऱ्या पर्वात पोचला आणि विषमतेवरचे शब्द घेऊन राष्ट्रीय मंचावर उभा राहिला. विपिन तातड हा अमरावतीचाच रॅपर आंबेडकरी विचार ठामपणे मांडतो. यांची नावं ज्यांना माहीत आहेत, त्यांनी ती गाण्यातूनच ओळखली आहेत, कुठल्या बुटांवरून नव्हे. पण आपली एक अडचण आहे. वऱ्हाडी बोली आपल्याला हसण्यासाठी लगेच चालते. भारत गणेशपुरेंनी ती छोट्या पडद्यावर नेली आणि साऱ्या महाराष्ट्राला हसवलं, हे त्यांचं कर्तृत्व. तरी ‘काऊन बे’ आणि ‘कायले’चे तुकडे फोनवर रोज फिरवणारे आपण, त्याच बोलीत कुणी कापसाच्या भावावर, सावकारावर किंवा जातीवर बोलला की गप्प होतो. ती चित्रफीत पुढे पाठवत नाही. पुण्या-मुंबईने बोलीचं हसं केलं अशी तक्रार करण्याआधी, आपण तिचं काय केलं हेही तपासायला हवं.

मीम बंद करा असं म्हणणं व्यर्थ आहे आणि त्याची गरजही नाही. विनोद हा समाजाचा हक्कच आहे. गुन्हे दाखल करून गाणी थांबत नाहीत, हे २०२३ ने दाखवलं. थोडी जबाबदारी मात्र ऐकणाऱ्याने घ्यायला हवी. कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांनी, गणेश मंडळांनी, भीमजयंतीच्या समित्यांनी गावातल्या रॅपरला वीस मिनिटं द्यावीत, आणि नंतर त्याला प्रश्नही विचारावेत. वर्तमानपत्रांनी त्याच्यावरच्या गुन्ह्याची बातमी देतात तशी त्याच्या गाण्याची समीक्षाही छापावी. आणि वाचकहो, या दिवाळीत एखाद्या रॅपरचा तुकडा पुढे ढकलण्याआधी किंवा त्याच्यावर संतापण्याआधी एक काम करा. त्याचं एक गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ऐका, आणि मग खुशाल नावं ठेवा.